नागपूर ते पचमढी: तामियामार्गे जावं का? घाट कसा आहे?

रामटेकवाला:
ऑगस्टमध्ये कारनं पचमढीला जायचा विचार आहे. सोबत आई-बाबा आहेत. छिंदवाडा-तामियाचा रस्ता बरा की मुलताई-बैतूल-पिपरियाचा? शेवटचा घाट अवघड आहे म्हणतात. गाडी ऑटोमॅटिक आहे.

घाटमाथा:
तामियामार्गेच जा. बैतूलकडून चांगलाच फेरा पडतो. सावनेर, केळवद, सौंसर, रामाकोना, छिंदवाडा, परासिया, तामिया, देलाखारी, मटकुली, पचमढी, असं साधारण 255 ते 260 किमी होतं. थांबत गेलात तर सात तास धरा.

शेवटच्या घाटाची भीती उगाचच. चढ तीन आहेत. पहिला रामाकोन्याला कन्हान ओलांडल्यावर सिल्लेवानी घाटाचा, तिथून छिंदवाड्याच्या पठारावर येता. दुसरा तामियाचा, उंची सुमारे 1100 मीटर. आणि इथंच गंमत आहे: कमावलेली सगळी उंची देलाखारीकडे उतरताना घालवायची, मटकुलीला देनवा नदीपाशी खाली यायचं आणि पचमढीच्या 1067 मीटरसाठी परत चढायचं. म्हणजे ब्रेकची खरी परीक्षा तामियाच्या उतारावर.

तिथं डी (ड्राइव्ह) मध्ये गाडी सोडून ब्रेकवर पाय ठेवत उतरू नका. मॅन्युअल मोड किंवा एल (लो) वर टाका, दुसरा गिअर, वेग 30 च्या आत. ब्रेक थोडा दाबायचा, सोडायचा. सतत दाबून ठेवला की पॅड तापतात, करपट वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. तसं झालं तर रुंद जागा पाहून अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, ती वाकडी होते. चाकाला दगड लावा, हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका.

ऑगस्टमध्ये ढग रस्त्यावर उतरतात. हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत दिसते, लो बीमच ठेवा. हझार्ड (चारही इंडिकेटर) लावून गाडी चालवू नका, वळणार कुठं ते मागच्याला कळत नाही. परासिया कोळशाचा भाग आहे, ट्रकमागे घाई नको. पेट्रोल छिंदवाड्यातच भरून घ्या.

जुनी_सडक:
थोडा इतिहास. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, राजधानी आपलं नागपूर. कॅप्टन फोर्सिथनं 1862 मध्ये पचमढीत बायसन लॉज बांधलं, पुढं ते प्रांताचं उन्हाळी मुख्यालय झालं. 1870 मध्ये इटारसी-जबलपूर रेल्वे सुरू झाली नि पिपरिया हे पचमढीचं दार ठरलं. मटकुलीपुढचा चढ म्हणजे तोच पिपरियाचा रस्ता, आपण तामियाहून त्याला बाजूनं येऊन मिळतो. तिथं डावीकडे वळा, उजवीकडे गेलात तर थेट पिपरिया.

छिंदवाड्यापर्यंत नॅरोगेजही होती, 2015 मध्ये बंद होऊन ब्रॉडगेज झाली.

तामियाच्या धारेवर पाणी वाटलं जातं. अलीकडचं पेंच-कन्हानमार्गे गोदावरीला, पलीकडचं दुधी-देनवातून नर्मदेला. पातालकोटची खोल दरी याच पलीकडच्या अंगाला, दुधीच्या खोऱ्यात. पाऊस नसेल तर तामियातून वाट वाकडी करण्यासारखी जागा, पण खाली उतरायचा बेत आई-बाबांसोबत करू नका.

सावनेरची_चहाटपरी:
तारीख ठरवण्याआधी पंचांग बघा हो! नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवस नागद्वारची यात्रा असते, निम्मा विदर्भ त्याच रस्त्यावर. मटकुलीपासून गाड्यांची रांग, पचमढीत खोली मिळणं कठीण. यात्रेला जायचं नसेल तर पंचमी उलटून चार दिवसांनी निघा.

रामटेकवाला:
पंचमीनंतरचंच ठरवतो. धूपगडच्या शिखरापर्यंत स्वतःची गाडी नेता येते का?

घाटमाथा:
नाही. परवाना बायसन लॉजपाशी आणि जिप्सी तिथूनच. आई-बाबांना मागच्या आडव्या बाकांवर नका बसवू, पुढची सीट मागून घ्या.