सबस्ट्रिंगला सबस्ट्रिंग: एपीआयच्या जोड्या मॉडेलवर सोडाव्यात का?

पडताळा

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतलं एक मोठं काम सी शार्प या दुसऱ्या भाषेत नेताना आम्ही एक मॉडेल वापरलं. नावाने बोलावता येणाऱ्या तयार कोडच्या तुकड्याला मेथड म्हणतात आणि अशा मेथडच्या संचाला एपीआय. जावाची मेथड दिली की ते सी शार्पमधली सगळ्यात जवळची मेथड सुचवतं. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची ओळ, आणि सबस्ट्रिंग तिचा तुकडा कापून देते. जावाच्या सबस्ट्रिंगला त्याने सी शार्पची सबस्ट्रिंग सुचवली. नाव तेच, दोन पूर्णांक घेते, स्ट्रिंग परत देते. कोड कंपाइल झाला, टेस्ट सगळ्या पास. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की ग्राहक क्रमांकांचे तुकडे चुकीचे पडताहेत.

जावात दुसरा आकडा म्हणजे कुठे थांबायचं ती जागा. सी शार्पमध्ये तो किती अक्षरं घ्यायची ती संख्या. "कखगघचछ" वर (२, ४) दिलं, आणि जागा शून्यापासून मोजल्या, तर जावा "गघ" देते, सी शार्प "गघचछ". आमच्या सगळ्या टेस्ट शून्यापासून कापणाऱ्या होत्या, आणि शून्यापासून कापलं की दोन्हीकडे उत्तर एकच येतं!

ही पद्धत आली कुठून तेही पाहा. २०१३ मध्ये मिकोलोव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन मानवी भाषांतले शब्द व्हेक्टर, म्हणजे आकड्यांच्या याद्या, म्हणून मांडले, तर एका साध्या मॅट्रिक्सने (आकड्यांच्या तक्त्याने) एकीकडून दुसरीकडे जाता येतं. पुढे तीच कल्पना कोडवर आली. शब्दांच्या जागी मेथड, वाक्यांच्या जागी कॉलचे, म्हणजे मेथड बोलावण्याचे, क्रम. ज्यांचा शेजार सारखा, त्यांचा अर्थ सारखा, हा तिचा पाया. पण हिंदीतली 'शिक्षा' घ्या आणि मराठीतली घ्या. दोन्हींच्या आसपास शाळा, शिक्षक, विद्यार्थी हेच सापडतील. अर्थ मात्र एकीत शिकणं, दुसरीत छडी.

माझं मत स्पष्ट आहे. जोड्या माणसाने दोन्ही लायब्रऱ्यांचं डॉक्युमेंटेशन वाचून ठरवाव्यात आणि तक्ता हाताने लिहावा.

निळीशाई

पूर्ण असहमत. असे तक्ते मी वर्षानुवर्षं लिहिले आहेत, म्हणून सांगते.

दशांश आकड्याचा पूर्णांक करणारं जावाचं मॅथ राउंड २.५ चं ३ करतं. सी शार्पचं मॅथ राउंड २.५ चं २ करतं, कारण ते बरोबर मध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. हा फरक मला माहीत होता, म्हणून तक्त्यात मी 'शून्यापासून दूर' हा पर्याय लिहून ठेवला. डॉक्युमेंटेशन वाचूनच लिहिला. आता उणे २.५ घ्या. जावा उणे २ देते, माझा पर्याय उणे ३. म्हणजे बरोबर मध्यावरच्या ऋण आकड्यांवर माझी दुरुस्तीच चूक होती, आणि विशेष म्हणजे उणे २.५ ला काही न बदललेलं सी शार्प बरोबर उत्तर देत होतं. कित्येक दिवस ते कुणाच्या नजरेला आलं नाही, कारण तक्ता माणसाने लिहिला होता आणि माणसाने लिहिलेल्यावर कुणी शंका घेत नाही.

शिवाय लायब्रऱ्यांमध्ये हजारो मेथड असतात. कोण वाचणार सगळ्या? त्याच २०१३ च्या कामात पहिल्या सूचनेची अचूकता वेगळी आणि पहिल्या पाचांची वेगळी मोजली आहे. मॉडेल उमेदवार देतं. तुम्ही पहिल्याच उमेदवाराला न तपासता कामावर घेतलंत.

शब्दवेध

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटते आहे. जावा आणि सी शार्प या जवळजवळ बहिणी. ल्युसीन, हायबरनेट, लॉगफोरजे असे प्रकल्प दोन्हीकडे आहेत, म्हणून जोडीचा आयता विदा (दोन्ही भाषांत लिहिलेला तोच कोड) मिळतो आणि अभ्यासही बरेचसे याच जोडीवर होतात.

आणि इथेही 'एका मेथडला एक मेथड' हे गृहीतक तुटतं. जावाचं हॅशमॅप आणि सी शार्पची डिक्शनरी प्रत्येक मूल्य एका की, म्हणजे खुणेच्या नावाखाली, साठवतात. जावाच्या हॅशमॅपला नसलेली की मागितली तर ते नल, म्हणजे 'काही नाही', देतं. सी शार्पच्या डिक्शनरीला चौकटी कंसाने मागितली तर एक्सेप्शन, म्हणजे कोड थांबवणारी चूक, येतं. जावासारखं वागणं हवं असेल तर ट्राय-गेट-व्हॅल्यू ही मेथड आणि सोबत एक अट, एवढं सगळं मिळून त्या एका कॉलची जोडी होते. सर्वांत जवळचा एक बिंदू शोधणाऱ्या पद्धतीत हे बसवणार कुठे?

मोजपट्टी

पडताळा, कोड चालवून पाहा, एवढंच उत्तर आहे. फेसबुकच्या ट्रान्सकोडरने २०२० मध्ये जोडीचा विदा न वापरता सी प्लस प्लस, जावा आणि पायथन यांच्यात भाषांतर केलं. त्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती मोजायची पद्धत. भाषांतरित कोड मूळ मजकुराशी किती मिळतो हे गौण ठरवून, तेच इनपुट देऊन उत्तर तेच येतं का हे पाहिलं. पुढच्या वर्षी त्याच गटाने यंत्रानेच तयार केलेल्या युनिट टेस्टांमधून (कोडच्या छोट्या तुकड्यांच्या तपासण्यांमधून) चुकीची भाषांतरं गाळली. दोन्हीकडे हजार यादृच्छिक इनपुट टाकली असती तर तुमची सबस्ट्रिंग पहिल्याच मिनिटाला पकडली गेली असती.

पडताळा

सबस्ट्रिंग, हो. निळीशाई यांचं राउंड नाही. यादृच्छिक दशांश आकडा बरोबर .५ वर पडण्याची शक्यता नगण्य. आणि पडला तरी ३.५ चं दोन्हीकडे ४ च होतं.

सॉर्ट, म्हणजे यादी क्रमाने लावणं, घ्या. जावाच्या कलेक्शन्स सॉर्टमध्ये बरोबरीच्या नोंदींचा मूळ क्रम टिकतो, ही हमी आहे. सी शार्पच्या लिस्ट सॉर्टमध्ये अशी हमी नाही. पण १६ किंवा त्याहून कमी घटक असले की आत इन्सर्शन सॉर्ट ही मूळ क्रम टिकवणारी पद्धत चालते, त्यामुळे छोट्या यादीत क्रम बहुधा टिकलेला दिसतो. दहा नोंदींच्या टेस्टने फसवलंच म्हणून समजा. हमी आहे की नाही हे चालवून कळत नाही, वाचूनच कळतं.

मोजपट्टी

सॉर्टचं मान्य. राउंडचं नाही. इनपुट यादृच्छिकच असावं असं कुठे आहे? शून्य, उणे, बरोबर मध्य, रिकामी स्ट्रिंग, मोठी यादी, ही सगळी आवर्जून घाला. शिवाय चालू कामातला खरा विदा घ्या. त्यात .५ हवे तितके सापडतात.

निळीशाई

आणि पडताळा, तुमचा हाताचा तक्ताही याच चाळणीतून जाऊ द्या. माझा गेला असता तर उणे २.५ ला अडकला असता.

पडताळा

हे पटलं. माझा तक्ता तपासणीतून सुटावा असा माझा आग्रह नाही. मॉडेलने उमेदवार सुचवायलाही आता हरकत घेत नाही. हरकत आहे ती त्या सूचनेसोबत येणाऱ्या ०.९७ सारख्या आकड्याला. तो शेजार किती सारखा एवढंच सांगतो, आणि आमच्या चमूने तो 'सत्त्याण्णव टक्के बरोबर' असा वाचला. त्या जागी कोणती इनपुट दोन्हीकडे चालवली आणि कुठे उत्तरं फुटली, ही यादी दिसली पाहिजे.

शब्दवेध

आणि 'जोडी नाही' असं म्हणायची मुभाही हवी. जवळचं काहीतरी देणं मॉडेलला नेहमीच जमतं, हीच अडचण आहे.

निळीशाई

राउंडची इनपुट मी उद्या इथे टाकते: २.५, ३.५, उणे २.५, उणे ०.५. सबस्ट्रिंग आणि सॉर्टची तुम्ही द्या. सॉर्टसाठी सोळाच्या वरची यादी, बरोबरीच्या नोंदी भरपूर.