मदत हवी आहे: एजन्सी खरी, पण मेल करणारा त्यांचाच का?

इंग्रजी-मराठी भाषांतर करते, फ्रीलान्स. स्पेनच्या एका एजन्सीच्या नावाने मेल आलाय, मोठं मेडिकल काम, सांगितलेला रेट घासाघीस न करता लगेच कबूल (इथेच पाल चुकचुकली). प्रोझ या भाषांतरकारांच्या साइटवरच्या ब्ल्यू बोर्डवर (तिथे भाषांतरकार एजन्सींना रेटिंग देतात) एजन्सीचं रेटिंग चांगलंय, पण मेल जीमेलवरून आलाय. भारतातली असती तर जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून नाव बघितलं असतं, इथे युरोपियन युनियनच्या व्हीआयईएसवर (व्हॅट नंबर तपासायची साइट) त्यांचा व्हॅट नंबर व्हॅलिड दाखवतंय पण स्पेनच्या नंबरला नाव-पत्ता दिसतच नाही. वेबसाइटवरच्या पत्त्यावर मेल टाकलाय, उत्तर नाही. सीव्ही अजून दिलेला नाही, भामटे ते चोरून स्वतःच्या नावाने वापरतात म्हणून. अ‍ॅडव्हान्स ते देणार नाहीत आणि मला स्पॅनिश येत नाही, तर वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून विचारू की कंपनीच्या डोमेनवरूनच पीओ (कामाची लेखी ऑर्डर) पाठवा म्हणून अडून बसू?