जमिनीच्या पोटातल्या बिननावाच्या जीवांबद्दल काय वाचू?

काजवा: पुतणीला टॉल्किनचं 'द टू टॉवर्स' वाचून दाखवतोय. गँडाल्फ हा जादूगार परत येतो आणि मोरिया या बुटक्यांच्या भूमिगत नगरीखाली काय पाहिलं ते सांगतो, तिथे गाडी अडकलीय. बुटक्यांनी खणलं त्याच्याही कितीतरी खाली काहीतरी जग कुरतडत बसलंय, कथेतला खलनायक साउरॉन, त्याच्यापेक्षाही जुनं. पुढे बोलायलाच तो तयार नाही! तिथला अग्निराक्षस बालरॉग परवडला, त्याच्या हातात चाबूक आहे हे तरी कळतं. रोज प्रश्न, "काका, कुरतडतं कोण?" अशा धाटणीचं अजून काही सुचवा. पोरगी तेराची आहे, रक्ताचे सडे नकोत.

रातकिडा: कुरतडणारा हवाय तर नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) कथांतला निडहॉग हा सर्पासारखा ड्रॅगन. युग्द्रासिल या विश्ववृक्षाचं मूळ खातो. शेंड्यावर गरुड, आणि राटाटोस्क नावाची खार खालचे टोमणे वर, वरचे खाली पोचवत असते. पुतणीला खार आवडणार. तेराव्या शतकातल्या आइसलँडच्या लेखक स्नोरीच्या 'एड्डा'त आहे.

पडकी_विहीर: भयकथाकार लव्हक्राफ्टचं 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' (1936). अंटार्क्टिकाच्या पोटात आंधळे, पांढरेफटक, अवाढव्य पेंग्विन. त्यांच्याही पलीकडे जे आहे ते आत्ता सांगत नाही. सुरुवातीला भूगर्भशास्त्राचा तास सोसावा लागतो. तेराव्या वर्षी नको, तुम्हीच वाचा.

आजोळ: अहो, वाल्मीकी रामायणाचं बालकांड काढा की! सगराचे साठ हजार मुलगे यज्ञाचा घोडा शोधत पृथ्वी खणत सुटतात. खाली पूर्वेला विरूपाक्ष हत्ती, डोंगर-रानांसकट पृथ्वी डोक्यावर घेऊन उभा. थकून मान हलवली की वर भूकंप. पोरं प्रदक्षिणा घालतात आणि लागतात पुन्हा खणायला. दक्षिणेला महापद्म, पश्चिमेला सौमनस, उत्तरेला बर्फासारखा पांढरा भद्र. नंतर सगराचा नातू अंशुमान त्याच वाटेने जातो, हत्तींची नीट विचारपूस करतो, तेव्हा ते बोलतात. हे वाचताना मला अजून शहारा येतो.

रातकिडा: पण काकांना बिननावाचे हवेत. तुमच्या चौघांचं बारसं झालेलं आहे.

आजोळ: झालं असेल. वाचून तर बघू दे.

काजवा: काल रात्री विरूपाक्ष वाचला. पंखा जरा डुगडुगला तर म्हणाली, "दमला वाटतं." मग दिवा घालवल्यावर अंधारातून, "काका, हत्तींच्या पायाखाली काय आहे?"

बोला आता, आजोळ.