मदत हवी आहे: व्हॅनेडियम पेंटॉक्साइडवर प्रोपेन, हबर्ड यू किती घ्यावा?

नमस्कार. व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या (००१) पृष्ठभागावर प्रोपेनचं प्रोपीन कसं होतं, याची डीएफटी (इलेक्ट्रॉन घनतेवरून ऊर्जा काढायची पद्धत) गणितं करते आहे. अडलंय पहिल्याच पायरीवर. व्हॅनाडिल ऑक्सिजन (व्हॅनेडियमला दुहेरी बंधाने जोडलेला) प्रोपेनच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढतो, व्हॅनेडियम +५ वरून +४ वर येतो. एक इलेक्ट्रॉन त्याच्यावर, दुसरा आयसोप्रोपिल रॅडिकलवर. इथे हबर्ड यू (व्हॅनेडियमच्या डी-इलेक्ट्रॉनांमधल्या प्रतिकर्षणासाठी डीएफटीत घालायची दुरुस्ती) बदलला की ऊर्जेचा अडथळाही बदलतो. प्रोपीनचा अलायलिक सी-एच बंध मुळात प्रोपेनच्या बंधापेक्षा बराच कमकुवत, त्यामुळे निवडकतेबद्दल (प्रोपीनवरच थांबतं की तेही पुढे ऑक्सिडाइझ होतं) बोलायचं तर हे आकडे भरवशाचे हवेतच.

यू ऑक्साइडच्या रिडक्शन एन्थाल्पीवरून ठरवावा, की छोटा क्लस्टर घेऊन हायब्रिड फंक्शनलशी (ज्यात थोडा हार्ट्री-फॉक एक्सचेंज मिसळलेला असतो) ताडून पाहावा? मला दुसरा मार्ग पटतो. शिवाय ब्रोकन-सिमेट्री सिंगलेट (ते दोन इलेक्ट्रॉन उलट स्पिनचे, पण वेगवेगळ्या जागी) सारखा क्लोज्ड-शेलमध्ये (सगळे इलेक्ट्रॉन जोडीत) कोसळतो. सुरुवातीचे स्पिन तुम्ही कसे देता?