मदत हवी आहे: मुलीला सारखी सारखी भूल द्यायची का?

बाबा_नगरकर: मुलगी दीड वर्षाची, रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर), डावा डोळा काढला. ऑपरेशन नीट झालं, नकली डोळा पण बसवला, चटकन कळत नाही कुणाला. आता डॉक्टर म्हणतात दर महिना-दीड महिन्याने भूल देऊन तपासायचं. परवा पहाटेपासून उपाशी, नंबर लागला दुपारी, पाणी पाणी करून रडत होती पोर. घरचे म्हणतात आजार गेला ना मग आता कशाला? भुलीचा मेंदूवर परिणाम होतो का आणि किती वर्षं चालणार हे? धीर नको, उत्तर द्या.

सुपर्णा_ठाणे: एकाच डोळ्यात होतं का? पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये डोळ्यामागच्या नर्व्हमध्ये आजार पसरल्याबद्दल काय लिहिलंय? केमो झाली? आरबी१ची जीन टेस्ट?

बाबा_नगरकर: डावा काढला म्हणून लिहिलंय की वर. उजवा चांगला आहे. नर्व्ह क्लिअर, केमो नाही लागली. जीन टेस्टचं बोलले होते, महाग आहे म्हणून राहिलं.

गावरान_वैद्य: रोज गाईचं तूप आणि त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा. मोबाईल बंद करा मुलांचे, सगळं त्यानेच होतंय.

सुपर्णा_ठाणे: मोबाईलने नाही होत हो हा आजार, आरबी१ जीन बिघडल्याने होतो, उगाच आईबापांना दोषी ठरवू नका. आणि त्या पोरीच्या उरलेल्या एकुलत्या डोळ्यात काहीही घालायला सांगू नका.
दादा, उजवा आज चांगला आहे. हा आजार असलेल्या एकूण मुलांपैकी साधारण ४० टक्के मुलांमध्ये (एकाच डोळ्यात असेल तर कमी) हा जीनचा बिघाड अंगभर असतो, त्यांच्या दुसऱ्या डोळ्यात नंतरही गाठ येऊ शकते. बारीक असताना सापडली तर लेझर किंवा क्रायोवर (गाठ गोठवून मारतात) भागतं, डोळा वाचतो. एवढं मूल जागेपणी पडद्याच्या कडेपर्यंत बघू देत नाही म्हणून भूल.

किरण_एकडोळ्या: माझा लहानपणी काढलाय, आता वय ३४, नोकरी-संसार सगळं व्यवस्थित. मला तेव्हा रेडिएशन पण दिलेलं, कानशिलाचं हाड वाढलंच नाही, तिथे अजून बोट बसेल असा खळगा आहे. माझा आनुवंशिक प्रकार, त्यात पुढे हाडाचा कॅन्सर होण्याचा धोका असतो, म्हणून पाय दुखून महिनाभर राहिला तरी मी दाखवून येतो आणि गरज नसेल तर सीटी स्कॅन (त्यातही रेडिएशन असतं) करून घेत नाही. पोरीला चष्मा लावाच, नंबर नसला तरी, पॉलिकार्बोनेटचा. एक डोळा जपायचाय.

मंगेश_पी: नकली डोळ्याला खर्च किती आला? सासऱ्यांचा काचबिंदूने गेलाय.

बाबा_नगरकर: भुलीचं कुणीच सांगत नाहीये.

ओटी_सिस्टर: मी सांगते. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) २०१६ मध्ये ३ वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा लांबलेली भूल देण्याबद्दल सावध केलं होतं, म्हणजे तुमची शंका खुळी नाही. पण गरजेची तपासणी लांबवू नका हेही त्यातच होतं. ही भूल थोड्या वेळाची असते. उपाशीपणाचं म्हणाल तर साधं पाणी भुलीच्या २ तास आधीपर्यंत चालतं, आईचं दूध ४ तास, जेवण ६. पहिला नंबर मागा, आणि मागे लागा, लहान मुलांना आधी घेतात.

सुपर्णा_ठाणे: आणि टेस्ट कराच. काढलेल्या डोळ्यातल्या गाठीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) पॅथॉलॉजीत ठेवलेला असतो, तो आणि रक्त दोन्ही पाठवा. गाठीतले बिघाड रक्तात नाही सापडले तर भुलीच्या फेऱ्या खूप कमी होतात. सापडले तर साधारण सात वर्षांची होईपर्यंत तपासण्या, मोठी झाली की भुलीशिवाय.

ओटी_सिस्टर: दुसरं मूल आहे का?

बाबा_नगरकर: नाही. मिसेसना पाचवा महिना आहे.

सुपर्णा_ठाणे: अहो हे आधी सांगायचं ना! उद्याच डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा. बाळ जन्मल्याबरोबर पडदा तपासायला लागेल, आणि तुम्ही दोघांनीही आपला तपासून घ्या. टेस्टचा रिझल्ट यायला आठवडे जातात, थांबू नका.

मंगेश_पी: खर्चाचं कुणी सांगेल का?

बाबा_नगरकर: ब्लॉक किती वर्षं ठेवतात? ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलला झालं होतं.

ओटी_सिस्टर: ठेवतात बरीच वर्षं. रिपोर्टवर नंबर असेल, तो घेऊन लेखी अर्ज द्या, फोनवर नाही देत.