रास्पबेरी पाय ४: कर्नल मॉड्यूल कंपाइल होईना

धोटा_सोलापूर: नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. मागाच्या प्रत्येक फेऱ्याला सेन्सरचा पल्स येतो, तो रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर इंटरप्टवर (सिग्नल येताच प्रोसेसरला मिळणारी हाक) मोजणारं कर्नल मॉड्यूल, म्हणजे ओएसच्या गाभ्याला जोडायचा कोड, मला स्वतः लिहायचंय. सुरुवातीला नुसतं 'नमस्कार' छापणारं घेतलंय. ओएस ३२ बिट. हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स) टाकले, तरी मेक ही कोड बांधायची कमांड दिली की जीसीसी कंपायलर 'एमएबीआय=एलपी६४' हा पर्याय ओळखत नाही म्हणून थांबतो. मेकफाइलमध्ये टॅबच दिलाय, स्पेस नाही.

जुनी_मिल: भाऊ, 'यूनेम -एम' करून कर्नल कोणत्या प्रकारचा ते बघा. 'एआर्च६४' आलं तर कर्नल ६४ बिट आणि कंपायलर ३२ बिटचा, मग जमणार कसं? २०२३ पासून पाय ४ वर ३२ बिट ओएससुद्धा ६४ बिट कर्नलवर उठते. कॉन्फिग फाइलमध्ये 'आर्म_६४बिट=०' लिहून रीबूट करता येईल, पण मग हेडर्सही त्याच कर्नलचे लागतील. माझं ऐकाल तर सरळ ६४ बिट ओएस टाका.

धोटा_सोलापूर: एआर्च६४च आलं ओ! नवी ओएस टाकली, इनसमॉडने मॉड्यूल कर्नलमध्ये चढलं, डीमेसगमध्ये (कर्नलच्या संदेशांत) 'नमस्कार' दिसला. लई आनंद झाला दादा. आता सेन्सर जोडतो.

वायरमन_होटगी: थांबा! मागावरचा सेन्सर २४ व्होल्टचा असेल तर थेट जोडू नका, पायची पिन ३.३ व्होल्टचीच. मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन्ही सर्किट वेगळी ठेवणारा भाग) घाला. आणि इंटरप्ट हँडलरमध्ये (पल्स आला की चालणाऱ्या कोडमध्ये) प्रिंटकेने संदेश छापणं नको, फक्त काउंटर वाढवा.