पायी वारीले निंगतानी अंगावर काय, पिशवीत काय? आपापले अनुभव सांगा

वऱ्हाडची सून
काल आमच्या दिंडीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर साडीचा फोटो आला. समद्या बायांनी एकसारखी घ्यायची म्हने. जांभळी, काठाले चकचकीत जर, अन् कापड पाह्यलं तं पक्कं सिंथेटिक. ज्येष्ठाच्या उन्हात! फोटो झूम करतानीच मले घाम फुटला. तवा सासूबाईची आठवण आली. त्या कौंडण्यपूरच्या पालखीसंग चालत, अन् त्यायची तयारी म्हंजे दोन सुती लुगडी, ते बी धुऊन धुऊन मऊ पडलेली. नवं लुगडं वारीले नेऊच नाई म्हनत, खळ अंगाले कापते. एक अंगावर, एक वाळत, झालं. नऊवारीले परकर नाई, म्हनून कमरीले नाडीचा वळ नाई, अन् काष्ट्यानं मांड्या घासत नाई. आमी सहावारीवाल्या, दोन-चार मुक्कामातच कमरीची सालपटं निंगते. तं तुमी काय घालता, काय टाळता, सांगा. ग्रुपवर भांडाले मुद्दे पायजेत मले 😄

खामगावकर
शेगावच्या पालखीत हा प्रश्नच नाही, पांढरे कपडे आणि हातात पताका, ओळीत चालायचं. लोक म्हणतात पांढरं कशाला, मळते. अहो मळते तं धुवा. मे-जूनमध्ये पारस-अकोला पट्ट्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो, तिथं पांढऱ्या सैल सुती कपड्यासारखं काही नाही, ऊन परतवते आणि आतून हवा खेळते. फक्त पायजमा घोट्याच्या वर शिवून घ्या. मिरगाचा पहिला सपकारा आला की काळी माती पायजम्याला जी धरते ती पंढरपूर आलं तरी सोडत नाही, नीळ घाला नाहीतर काही घाला.

अंजनगावचा पानवाला
काळ्या मातीचं बोलूच नका भाऊ. चप्पल उचलावं तं किलोभर माती संग येते. मी तं चप्पल हातात घेऊनच चालतो मंग

कापूसकोंड्या
कापूस आपन पिकवाव, भाव नाई म्हनून रडाव, अन् वारीले पॉलिस्टर घालून जाव. वा रे वा.

वऱ्हाडची सून
@कापूसकोंड्या हे ग्रुपवर असंच्या असं पेस्ट करून रायली मी

पुण्यात अडकलेला मूर्तिजापूरकर
माझं मत थोडं उलटं आहे, मारू नका. सुती सुती सगळे म्हणतात पण सुती कपडा पाणी पितो आणि सोडत नाही. पाऊस लागला, रात्री मुक्कामाला शाळेच्या वर्गात पन्नास माणसं, दोरीला जागा नाही, सकाळी साडेतीनला उठलं की तोच ओला गार सदरा अंगात घालायचा आणि मग तो काखेत आणि गळ्याशी घासतो दिवसभर. मी ते खेळाडूंचे टीशर्ट मिळतात ना पातळ जाळीचे, ते नेले होते. पिळून झटकला की तासाभरात वाळतो. दोष एकच, वास. दुसऱ्या दिवसापासून आमचे विणेकरी बुवा मला वाऱ्याची दिशा बघून उभं करायचे. आता मी सरळ हिशोब ठेवलाय, कोरडं ऊन असेल तर सुती, कारण घाम कपड्यात मुरून वाळताना अंग गार करतो, आणि पाऊस सुरू झाला की टेरीकॉट. दोन्ही एकेक जोड. नुसतं सुती किंवा नुसतं पॉलिस्टर अशी शपथ घेऊ नये.

दिंडीतला टाळकरी
बरोबर हाये मूर्तिजापूरकर भाऊचं. पन जाळीचा टीशर्ट घालून कीर्तनाले बसू नका बा, आमच्या इकडं म्हातारे तोंडावर बोलते.

मास्तरीण बाई
मी पंढरपूर नाही केलं कधी पण गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला शेगावला पायी जाते, म्हणजे माघ महिना. पहाटे निघताना दात वाजतात आणि अकरा वाजता डोकं तापतं. स्वेटर घातला की तो दुपारी कमरेला बांधून ओझं वाहायचं. त्यावर उपाय आमच्या शेतात निंदणाऱ्या बायांकडे होताच, नवऱ्याचा जुना फुल बाहीचा शर्ट साडीवरून! थंडीत बटनं लावा, उन्हात उघडा ठेवा, हात काळे पडत नाहीत, आणि वरच्या खिशात मोबाईल, तिकिटाचे पैसे, खडीसाखर. पहिल्या वेळी मला लाज वाटली होती, म्हटलं शाळेतलं कोणी पाहिलं तर. तर पुढे आमच्या मुख्याध्यापिका बाईच चालल्या होत्या, अंगावर साहेबांचा चौकडीचा शर्ट 🤣

संत्रा बर्फी
मास्तरीण बाई 😂😂 माझ्या आईकडे बाबांचे असे तीन शर्ट आहेत, बाबा शोधत असतात

पाटलाची धाकटी
बायांचं एक सांगू का, कोनी लिहिनार नाई म्हनून मीच लिहिते. आतले कपडे जुने अन् सुतीच न्या, लेस-बिस नाई, अन् जितके वाटते त्याच्याहून दोन जास्ती. ते वाळवाले जागाच नसते, माणसायच्या समोर कुठं टाकावं. आमी ओले कपडे दुपट्ट्याखाली पिशवीले पिनेनं लावून चालतो, चालता चालता वाळते. पाळीची तारीख येत असन तं गडद रंगाचा परकर ठेवजा. मांड्या घासत असन तं साडीच्या आत सुती गुडघ्यापर्यंतची चड्डी घाला, शिवून भेटते टेलरकडून, अन् सकाळी निंगाच्या आधीच खोबरेल लावा. लाल झाल्यावर लावून काई फायदा नाई, मंग नुसतं झोंबते. अन् परकराले सुतळीसारखी बारीक नाडी नको, रुंद पट्टी टाकून घ्या, वळ अर्धे कमी होते.

वऱ्हाडची सून
माय माय, रुंद पट्टीचं कोनी सांगतलंच नाई मले इतके वर्षं. आजच टेलरकडं जातो.

एस्टी पास
शेगावहून परत याले रात्री दर्यापूर गाडी आहे का कोणाला माहीत आहे?

दिंडीतला टाळकरी
@एस्टी पास धागा कपड्याचा हाये दादा. स्टँडवर ईचारा, टाइम बदलत रायते.

सातपुड्याचा वारा
आमची वारी वेगळी, नागद्वार. नागपंचमीले पचमढीच्या डोंगरात. तिथं सारा खेळच पावसाचा. मी पाह्यलेलं सांगतो, जीन्स घालून कोनी येऊ नये. ओली जीन्स गुडघ्यात वाकत नाई अन् लोखंडी शिड्या चढाच्या असते तिथं. आमच्या संगचा एक पोरगा अर्ध्या रस्त्यात जीन्स काढून पिशवीत टाकून टॉवेलवर चालला, पिशवी अजून जड झाली ते वेगळंच. हाफ पँट चांगली, नाईतर धोतर गुडघ्यावर खोचून. रेनकोट म्हनाल तं त्यो प्लास्टिकचा स्वस्तातला पहिल्याच झुडपाले फाटते, अन् आतून घामानं तितकाच ओला होतो तुमी. आमी मेणकापड घेतो, डोक्यावरून पांघराचं अन् रात्री खाली अंथराचं. घोंगडी भारी असते पन ओली झाली की उचलवत नाई.

संत्रा बर्फी
नागद्वारला बायका जातात का हो? माझी आत्या दरवर्षी म्हणते जाऊ जाऊ

सातपुड्याचा वारा
जाते ना, लय जाते. आत्याले म्हना साडी नको, पंजाबी ड्रेस घाला, ओढणी कमरीले बांधा.

तात्या मोर्शीवाले
कौंडण्यपूरचा विषय निघाला म्हणून लिहितो. ही पालखी 1594 पासूनची समजतात, वर्धेच्या काठावरून निघते. रुक्मिणीचं माहेर ते. माहेरची साडीचोळी नेतात तिला पंढरपुरास. आमची आई म्हणायची, साऱ्या दिंडीत धड नवं कापड एकच असते, ते देवीचं. बाकी सारे जुने नेसून चाललेले. बाकी डोक्याचं कोणी लिहिलं नाही इथं. टोपी चांगली पण कान उघडे राहतात, लू कानाला लागते. पंचा ओला करून डोक्याला आणि कानाला बांधा, दर हापशीवर पुन्हा भिजवा, खिशात कांदा ठेवत असाल तर ठेवा पण पाणी प्या. पायात म्हणाल तर, अनवाणी चालणाऱ्यांना माझा नमस्कार, माझ्याच्यानं होत नाही. बूट घेतानी एक माप मोठा घ्या, चालून चालून पाय सुजतात. आणि नवा बूट घरीच महिनाभर घालून फिरा, वारीत बोहनी करू नका. मोजे सुती ओले राहिले की फोड आलेच, दुपारच्या विसाव्याले बदला.

पट्टेवाली चड्डी
इतका वेळ वाचून रायलो, माह्या नावाचा विषय कोनीच काढला नाई. आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीले दोन्ही बाजूनं दोरी बांधून पट्टेवाल्या चड्ड्या वाळत असते. एका गावात स्वागताले आलेल्या सरपंचानं लांबून पाहून हातच जोडले, त्याले वाटलं पताका होय.

अंजनगावचा पानवाला
मेलो 🤣🤣🤣

खामगावकर
म्हणूनच आम्ही ओळीत चालतो आणि कपडे नजरेआड वाळवतो.

पुण्यात अडकलेला मूर्तिजापूरकर
चेष्टा सोडा, ती चड्डी खरंच बेस्ट आहे चालायला. सैल, सुती, मांडीपर्यंत लांब, आणि बाजूला खिसा. पुण्यात मिळत नाही मला, सगळीकडे ती चिकट इलास्टिकवाली. कुठून आणता?

पट्टेवाली चड्डी
आठवडी बाजारात. फक्त तयार घेऊ नका, शिवनाराकडूनच घ्या, तयारवालीची शिवण मधात जाड असते अन् तीच घासते. दोन शिवून ठेवू का? कंबर सांगा.

पुण्यात अडकलेला मूर्तिजापूरकर
अडतीस. चार शिवा, भावाला पण पाहिजेत. पैसे गुगल पे करतो.

पाटलाची धाकटी
माह्या मालकाले बी दोन, चौतीस. अन् निळे पट्टे नको, मागच्या वेळचा रंग साऱ्या पांढऱ्या कपड्यायले लागला.